बाईंच्या विरुद्धचा माझा अर्ज

आमच्या चौथीच्या बाई गेल्याचं मला मेहरूणहून त्यांच्या भाचीने फोनवर सांगितलं. तिसऱ्या दिवशी गावात शोकसभा झाली आणि माईकसमोर उभं राहून "बाईंनी आदर्श नागरिक घडवले" असं सांगायला कोण आलं होतं? आमचे माजी सरपंच! ज्यांनी बाईंची बदली करवली, तेच. हार त्यांच्याच हातात, रुमालही त्यांच्याच डोळ्यांना. मी बोलायला उठले, तर शेजारचे आबा हात ओढून म्हणाले, "बस वं पोरी, आज नको." आज नको, उद्या नको... मग कधी?

बाई दोंडाईच्याहून एसटीने आमच्या गावच्या शाळेत यायच्या. आम्ही चौथीत होतो. पुस्तकातला चांगला नागरिक रांगेत उभा राहायचा, केळीचं साल डब्यात टाकायचा आणि गप्प बसायचा. बाई म्हणायच्या, "रांगेत उभं राहायचंच. पण खिडकी उघडली नाही, तर का उघडली नाही हेही विचारायचं. आणि लेखी विचारायचं." मग त्या पिशवीतून कार्बनचे कागद काढायच्या. अर्ज दोन प्रतींत, एक कचेरीत द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजायचं. आमची बोटं कायम निळी असायची.

पहिला अर्ज शाळेपुढच्या उघड्या गटारीचा. पहिलीतली पोरं तिच्यात पडायची. आम्ही सगळे ग्रामपंचायतीत गेलो, तर सगळी इथे कशाला आलात म्हणून सरपंच हसले. "बठ्ठा पोरं आठे कसाले उनात? जा, खेळा!" आम्ही पायरीवर बसलो. डब्याची सुट्टी संपली तरी बसलो. शेवटी ग्रामसेवकाने वैतागून शिक्का मारला, आणि महिन्याभरात गटारीवर फरश्या पडल्या. गावाने सरपंचांची टिंगल केली, ती त्यांनी लक्षात ठेवली.

आता माझी गोष्ट. पोच घ्यायची चटकच लागली होती. त्या आठवड्यात बाई तीनदा उशिरा आल्या, म्हणून मी त्यांच्याच विरुद्ध अर्ज लिहिला. घरी भाऊ, म्हणजे माझे वडील, ओरडले, "मास्तरीणबाईना विरुद्ध अर्ज? तुनं डोकं ठिकानवर शे का?" पण बाईंनी तो उभ्यानेच वाचला, दोन्ही प्रतींवर लाल शाईने लिहिलं, "अर्ज मिळाला. तक्रार खरी आहे. सोमवारपासून आधीची गाडी पकडीन." एक प्रत मला दिली, मूळ अर्ज शाळेच्या फायलीत लावला. सोमवारपासून त्या आमच्याआधी शाळेत असायच्या.

फायलीत लावला, तिथेच घात झाला. सरपंचांनी बोलावलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी तपासणीत नेमका तोच कागद उचलला. वरची तक्रार वाचली, खालची लाल ओळ वाचलीच नाही. 'विद्यार्थ्यांची तक्रार' असा शेरा बाईंच्या सेवापुस्तकात चढला आणि बदली झाली थेट सातपुड्यात. मी रडत गेले. "बाई, मी अर्ज मागे घेते."

"का? खोटा होता का?"

"नाही..."

"मग मागे कशाला घ्यायचा?"

हे त्या मला धीर द्यायला नव्हत्या म्हणत, अगदी गणित तपासल्यासारखं म्हणाल्या. एका बाईला चांगल्या कामाची शिक्षा झाली आणि त्या कागदावर सही कुणाची? माझी, दहा वर्षांच्या पोरीची. लाज वाटायला हवी होती ती साहेबांना, सरपंचांना. वाटली नाही. अजून नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हाही तो शेरा तसाच होता. दोन वर्षांपूर्वी मेहरूणला त्यांच्या घरी मी विचारलं, "शेरा काढायला अर्ज करू?" चहा गाळता गाळता म्हणाल्या, "कर की. पोच घे मात्र." मी केला नाही. मोर्चे होते, पत्रकं छापायची होती, अख्ख्या जिल्ह्याचा अन्याय पाठीवर घेऊन मी हिंडत होते... आणि बाईंचं एक पान राहून गेलं. सरपंचांवर चिडताना हेही सांगितलंच पाहिजे.

भाचीने मला बाईंचा बिस्किटांचा डबा दिला. आत वापरून विरलेले कार्बन, उजेडात धरले तर कुणाकुणाची अक्षरं दिसणारे. त्यातलाच एक खाली घालून मी परवा अर्ज लिहिला, लाल ओळ असलेली माझी प्रत सोबत दाखवायला घेतली आणि शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेले. कारकून म्हणाला, "ताई, गेलेल्या माणसाच्या सेवापुस्तकात काय खोडायचं आता?"

"चूक आहे ती खोडायची. पोच द्या."

"साहेब नाहीत. उद्या या."

मी समोरच्या बाकावर बसले. त्याने पंखा बंद केला, तरी बसले. चार वाजता त्याने शिक्का शोधला. पोच डब्यात ठेवली आहे. उत्तर येईपर्यंत दर सोमवारी जाणार आहे, पहिल्या गाडीने.