मोकळी तार आणि एक व्वा

आमच्या चौकडीत मी दुसरं व्हायोलिन वाजवते. ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ म्हटलं की कोल्हापुरात लोक ‘ते काय असतंय?’ असं विचारतात, म्हणून आम्हीच चौकडी म्हणायला लागलो. त्याच्या आधीचा शब्द लोक आपापल्या मनात लावून घेतात.

पहिलं व्हायोलिन दातांच्या डॉक्टरांकडे. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनपेक्षा जरा मोठं आणि जाड आवाजाचं वाद्य, एका निवृत्त प्राध्यापकांकडे. चेलो खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरायचा असतो. तो एका फौंड्रीमालकांकडे. मी मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवते. पहिलं व्हायोलिन गातं, चेलो खालून आधार देतो आणि दुसरं व्हायोलिन मधली जागा भरत बसतं. नीट वाजलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, चुकलं की मात्र अख्ख्या हॉलला कळतं. मला हे मान्य होतं. घरातल्या मधल्या सुनेसारखं असतं ते, तक्रार करण्यात अर्थ नसतो.

व्हायोलिन मला आबांनी शिकवलं. आबा, माझे वडील, पोलीस बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होते. मूळचे मलकापूरकडचे, शेतकऱ्याचं पोर. पण पाच रेघांवरचं विलायती नोटेशन पंचांग वाचल्यासारखं घडाघडा वाचायचे. मी नऊ वर्षांची असताना बँडच्या वाद्यांच्या लोखंडी पेटीचं झाकण माझ्या डाव्या करंगळीवर पडलं. झाकण आबांच्याच हातून सुटलं होतं. करंगळी राहिली, पण तिचं पुढचं पेर वाकत नाही. व्हायोलिन वाजवणाऱ्याला डावी करंगळी नसणं म्हणजे काय, हे आबांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. महिनाभर त्यांनी माझ्याकडे नीट बघितलंही नाही. मग एक दिवस व्हायोलिन हातात देत म्हणाले, ‘‘करंगळीनं तिसऱ्या तारंवर जो सूर निघतोय, त्योच सूर दुसरी तार मोकळी वाजवली की मिळतोय. बोट लावायचंच न्हाय. मोकळ्या तारंला लाजायचं न्हाय बघ.’’

जाणकार मात्र लाजतात. बोटाखालचा सूर बोट हलवून थरथरवता येतो, त्याला ओलावा देता येतो. मोकळी तार थरथरत नाही. ती सरळ, जराशी उघडी वाजते, शेड नसलेल्या दिव्यासारखी. मी आयुष्यभर तीच वाजवत आले.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी ठरवलं की आता आपलं रेकॉर्डिंग झालं पाहिजे, आणि तेही लोकांसमोर. स्टुडिओत तुकडे जोडून केलेल्या संगीतात जीव नसतो, असं ते तालमीत दर वेळी सांगायचे. हे वाक्य लक्षात ठेवा. रविवारी सकाळी दहाला एका शाळेचा हॉल घेतला. पुण्याहून रेकॉर्डिंगवाले आले, त्यांनी आमच्यासमोर उंच दांड्यांवर माईक लावले. पंख्यांचा आवाज येतो म्हणून पंखे बंद केले. एप्रिलातली सकाळ, दीडशे माणसं. दारात एक गृहस्थ रेकॉर्डिंगवाल्यांना म्हणाले, ‘‘पावणं, पंखा लावून वाजीवलं तर तारा मोडत्यात व्हय?’’ डॉक्टरांनी माईकवरून सूचना दिल्या. मोबाइल बंद, खोकला बाहेर, आणि दोन भागांच्या मध्ये टाळ्या नाहीत. तबल्याच्या तिहाईला मांडी बडवणाऱ्या माणसांना हे सांगणं म्हणजे लग्नात जेवू नका म्हणण्यासारखं, पण लोक गुमान बसले.

आबा पहिल्या रांगेत होते. ऐंशी पार केलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बँडातल्यासारखे चकचकीत बूट. माझं वाजवणं असं कुठंतरी कायमचं राहणार, हे आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. आबांच्या वाट्याला तेही आलं नव्हतं. त्यांच्या बँडचं एकही रेकॉर्डिंग कुणी केलं नाही. मिरवणुकीत वाजलं, हवेत गेलं.

आमच्या रचनेत एक संथ भाग आहे. त्यात शेवटी पहिलं व्हायोलिन थांबतं, बाकीचे दोघे अगदी हलके होतात आणि दुसऱ्या व्हायोलिनला एकच लांब सूर एकट्यानं धरायचा असतो. बारा सेकंद. अख्ख्या तासाभरात माझे म्हणावेत असे तेवढेच. तो सूर करंगळीचा आहे. मी मोकळी तार वाजवली. तारेवरचा गज हलू दिला नाही, दाबला नाही, सूर सुरुवातीला होता तसाच शेवटपर्यंत नेला. मी कधीच इतकं चांगलं वाजवलं नव्हतं, आणि हे मी नम्रता सोडून सांगते. सूर संपता संपता पहिल्या रांगेतून आवाज आला, ‘‘व्वा!’’

मोठ्यानं नव्हे. पोटातून आल्यासारखा. आबांनी लगेच दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला हसू आलं, रडूही येत होतं. त्या माणसानं माझ्या व्हायोलिनला जन्मात कधी व्वा म्हटलं नव्हतं. ‘ठीक हाय’ ही त्यांच्याकडची सर्वांत वरची पायरी.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी ग्रुपवर लिंक टाकली. खाली चौघांची नावं आणि ‘श्रोत्यांसमोरच्या मैफलीचे थेट ध्वनिमुद्रण’. मी एकटीनं ऐकलं नाही. छोटा स्पीकर विकत आणला, आबांना खुर्चीत बसवलं. त्यांनी शर्ट बदलला. घरच्या घरात!

संथ भागाचा शेवट जवळ आला तसा आबांनी हात वर केला, आता येतंय म्हणून. सूर आला. सुंदर होता. थरथरत होता.

आबांचा हात तसाच वर राहिला. मग म्हणाले, ‘‘ही तू न्हाईस.’’

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. करंगळीनं तार दाबून, बोट हलवून, मऊ करून काढलेला सूर. माझी करंगळी तशी हललेली नाही, मी नऊ वर्षांची असल्यापासून. आबा पुढं वाकून ऐकत होते. ‘‘माझं व्वा बी न्हाय ह्यात,’’ ते म्हणाले.

मी तिथंच उभी राहून डॉक्टरांना फोन लावला. ते जराही गडबडले नाहीत. दाताला कीड लागली आहे हे पेशंटला सांगतात त्याच आवाजात बोलले. ‘‘अहो मॅडम, तुमच्या वडिलांची दाद अगदी माईकसमोर आली. ती ठेवता येत नाही. मग आम्ही तिघांनी एका बुधवारी तेवढाच तुकडा पुन्हा केला. तुमच्या जागी पुण्याहून एक मुलगी आली होती. तुमची शाळा असते, म्हणून तुम्हाला त्रास दिला नाही.’’

‘‘मी रजा काढली असती.’’

‘‘खरं सांगू का? ती मोकळी तार पहिल्यापासून जरा खटकत होती. आता परत करायचंच आहे, तर म्हटलं नीट करून घेऊ. बारा सेकंदांचा प्रश्न आहे, आणि नाव तुमचंच आहे ना!’’

प्राध्यापक त्या बुधवारी वाजवत होते. फौंड्रीमालकही. दोघांनी नंतर एकच सांगितलं, ‘‘आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.’’ सज्जन माणसांना असं बरंच काही वाटत असतं. विचारलं की ऐकावं लागतं, म्हणून ते विचारत नाहीत.

पण फोन ठेवला तेव्हा हे काही माझ्या मनात नव्हतं. डॉक्टरांना मी एक वाकडा शब्द बोलले नव्हते. ‘बरं’ म्हणून ठेवला होता फोन. आबांनी विचारलं, ‘‘काय म्हनले?’’

आणि मी म्हणाले, ‘‘तुम्ही मध्येच व्वा म्हणालात म्हणून काढलं. गप्प बसायला सांगितलं होतं ना सगळ्यांना? दीडशे माणसं गप्प बसली, तुम्हाला एकट्याला जमलं नाही!’’

वड्याचं तेल वांग्यावर. करंगळीचं मी सांगितलं नाही, मोकळी तार खटकली हेही सांगितलं नाही. ते सांगितलं तर झाकण पुन्हा त्यांच्या हातून पडेल, असं मी नंतर स्वतःला समजावलं. खोटं आहे. मला त्या क्षणी कुणाला तरी दुखवायचं होतं आणि समोर तेच होते.

स्पीकर अजून वाजत होता, शेवटच्या टाळ्या आल्या, त्या मात्र खऱ्या होत्या. आबांनी शर्ट काढून त्याची घडी घातली आणि कपाटात ठेवला.

यानंतर मी चौकडी सोडली असेल असं वाटेल. नाही सोडली. कोल्हापुरात दुसरी चौकडी नाही, आणि एकटीनं दुसरं व्हायोलिन वाजवता येत नाही. डॉक्टरांशी मी आजही ‘नमस्कार, कसे आहात’ असं बोलते. स्वतःची चीड येते, तरी बोलते. ते रेकॉर्डिंग ऐकून लोक माझं कौतुक करतात, आणि नेमकं त्या थरथरत्या सुराचं. मी ‘धन्यवाद’ म्हणते.

दिवाळीआधी आमचा पुन्हा कार्यक्रम झाला, त्याच हॉलमध्ये, तीच रचना. या वेळी रेकॉर्डिंग नव्हतं, पंखे सुरू होते, माईक एकही नव्हता. मी आबांना तीनदा सांगितलं होतं, ‘‘मनात येईल ते म्हणा, कुणी काही म्हणणार नाही.’’ पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची धरून ठेवली होती. ते मागे, दाराजवळ जाऊन बसले.

संथ भागाचा शेवट आला. मी मोकळी तार वाजवली. मुद्दाम, जास्तच मोकळी. सूर संपला तेव्हा मी मान वर करून बघितलं. आबांनी रुमालाची घडी दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरली होती.

परत येताना रिक्षात, घर जवळ आल्यावर आबा म्हणाले, ‘‘आज माझा काय आवाज झाला न्हाय न्हवं?’’

‘‘नाही, आबा.’’

‘‘मग ठीक हाय,’’ ते म्हणाले.