कामानिकचे हातमोजे

नवरा गेल्यापासून पाच वर्षांत इवालूने कुणालाही "अहो" म्हणून हाक मारली नव्हती. उत्तरेच्या शेवटच्या वस्तीत तिच्या भाचीला मुलगी झाली, तिला त्याचंच कामानिक हे नाव ठेवलं, आणि नाव ज्याचं तोच माणूस परत आला, या त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे ती पोर इवालूचा नवरा झाली. पण इवालूच्या गावाहून, इग्लूलिकहून, तिथवर समुद्राच्या बर्फावरून तीन दिवसांची वाट. यंदा मे महिन्यात, बर्फ फुटायच्या आत, पुतण्याच्या स्नोमोबाइलमागच्या घसरगाडीत बसून ती निघाली. वाटेत एक अस्वल दिसलं, माणूस एकही नाही.

चार वर्षांची कामानिक तिला पाहताच टेबलाखाली शिरली. इवालूने सीलच्या कातड्याचे हातमोजे पुढे केले. ते पोरीच्या कोपरापर्यंत पोचले. सवयीने, माप न घेता, तिने नवऱ्याच्या हाताच्या मापाचेच शिवले होते.

"मावशी, नवरा फारच आटला गं तुझा!" भाची हसली.

इवालूला हसू आलं नाही. दोन दिवस पोर जवळ फिरकली नाही.

"काकू, चल, बर्फाला भेगा पडल्यात," पुतण्या म्हणाला.

गाडीत बसताना ती पुटपुटली, "येते हं, अहो."

दारातून हुकूम आला, "मोजे ने. नीट करून आण!"

इवालू खाली उतरली. तिने दोऱ्याने त्या इवल्या हाताचं माप घेऊन गाठ मारली. परतीचे तीन दिवस ती गाठ तिच्या मुठीत होती. पुढच्या मेपर्यंत हात वाढलेला असणार, हे तिला ठाऊक होतं.