ताटाच्या कडेची गोळी

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हापासून माझी गोळी ताटात वाढली जायची. डाव्या हाताला चटणी, वर मीठ, आणि मिठाच्या शेजारी ती छोटी पांढरी गोळी. सकाळच्या जेवणाला एक, संध्याकाळच्या जेवणाला एक. वाढायच्या माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात, मग ती बापाची बहीण असो नाहीतर नसो. भाकरी तव्यावर असतानाच त्या गोळी काढून ठेवायच्या आणि मी ती गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. मला राग यायचा. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, असं एकदोनदा बोलूनही दाखवलं. त्यांनी कालवणाचा डाव माझ्या ताटात ओतला आणि म्हणाल्या, गीळ.

मला फिट येतात. आमच्या भागात कुणी फेफरं म्हणतं, कुणी मिरगी म्हणतं, म्हाताऱ्या बायका नुसतं ‘तिचं ते’ म्हणतात. पहिली आली तेव्हा मी बारावीला होते. माहेर किकवीचं. सकाळी फाट्यावर भोरच्या एसटीची वाट बघत उभी होते आणि एकाएकी हायवेवरच्या ट्रकांचे आवाज लांब जायला लागले. भरल्या धरणात कान बुडवून ऐकावं तसे. उन्हाला कसलातरी गोड, करपट वास आला. मला वाटलं, आता काहीतरी आठवणार आहे, जन्मापूर्वीचं वगैरे. त्यानंतरचं मला माहीत नाही. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावलेली होती आणि नाकाला कुणीतरी चप्पल लावलेली होती. कुणाची चप्पल ते आजतागायत कळलेलं नाही, पण वास आठवला की अजून डोकं फिरतं.

भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, तिथे डोक्याचा आलेख काढला, आणि गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीचे काही महिने मी जागी होते की झोपेत, कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वर्गात बाई बोलायच्या आणि शब्द माझ्यापर्यंत येता येता विरघळून जायचे. आई न्हायला पाणी द्यायची आणि मी तांब्या हातात धरून बसून राहायची. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही, विहिरीवर एकटीनं जायचं नाही, गाडी चालवायची नाही, जागरण करायचं नाही. हळूहळू शरीराला गोळीची सवय झाली आणि झापड कमी झाली. पण पूर्ण गेली नाही. एक पातळसा पदर डोळ्यांवर राहिलाच, आणि मी त्यातूनच जगाकडे बघायला शिकले.

स्थळं यायला लागली तेव्हा बापानं कुणापासून लपवलं नाही. तीन घरांनी पोहे खाल्ले आणि गेले ते गेलेच. चौथी या आत्या. धरणाच्या पाण्याकाठचं गाव, भाटघरच्या मागं आत, डोंगर ओलांडला की वेल्ह्याची हद्द. त्यांनी बापाचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, गोळीनं थांबतं ना? थांबतं, बाप म्हणाला. मग झालं तर, आमच्या मालकांना बी साखरेची गोळी हाय, त्यांना काय सोडून दिलं का म्या? एवढंच बोलून त्यांनी चहा मागितला. त्या बाईवर माझा जीव तिथंच जडला. त्यानंतर आम्ही रोज भांडलो, तो भाग वेगळा.

मला दिवस गेले तेव्हा वाडीतल्या बायका घरी येऊन सांगून गेल्या, गोळ्या बंद कर, पोटातल्याला बाधतील. आत्या मला घेऊन थेट भोरला गेल्या. डॉक्टर म्हणाले, मनानं बंद केलीस तर फिट येईल, आणि ती तुम्हा दोघांना जास्त बाधेल. त्यांनी गोळीचं प्रमाण बघून दिलं, जोडीला रक्ताची गोळी दिली, दर महिन्याला बोलावलं. मुलगी झाली. नीट, रडकी, काळ्याभोर जावळाची. मी तिला अंगावर पाजू का, हेही आत्यांनीच विचारलं. पाज, डॉक्टर म्हणाले, फक्त खाली बसून पाज.

पण मी पोटुशी असताना आत्यांनी गुपचूप एक काम केलं होतं. गावच्या देवीला बोलल्या होत्या, सून सुखरूप सुटली तर ती नऊ दिवस घट धरील. आमच्याकडे नवस असा दुसऱ्याच्या नावानंही बोलता येतो, त्या माणसाला विचारायची गरज नसते. मुलगी दहा महिन्यांची असताना घटस्थापना आली आणि मला कळलं की उपवास माझ्या नावावर आहे. मी जरा फणफणले, मग गप्प बसले. देवीशी कोण भांडणार.

घट धरणाऱ्या बाईचं ताट मांडत नाहीत. माझे मालक आणि मामंजी जेवायला बसायचे, त्यांची ताटं मांडली जायची. मी चुलीच्या कडेला बसून वाटीत भगर घ्यायची, दाण्याची आमटी, उकडलेलं रताळं. वाटीला कड कुठली, मीठ कुठलं. आत्यांचा हात इतक्या वर्षांत गोळीपाशी जायचा तो ताटाच्या वाटेनं. ताट नाही तर हातही गेला नाही. पाकीट भाकरीच्या दुरडीमागं होतं तिथंच राहिलं. कुणीही विसरलं असतं.

तीन दिवस मी गोळी घेतली नाही.

ते तीन दिवस कसे होते, ते मला सांगितलंच पाहिजे. डोळ्यांवरचा पदर गेला. भातखाचरं लोंब्यांनी भरून पिवळी व्हायला लागली होती आणि इंद्रायणी भाताचा वास घरात यायचा. तो वास मला तेव्हा पहिल्यांदा पूर्ण आला असं वाटलं. पलीकडच्या काठावरची म्हैस मला शिंगांसकट दिसायची. मुलगी हसली की तिच्या हिरड्यांमधला तो एक दात कसा चमकतो, ते मी बघत बसायची. अंग हलकं, डोकं हलकं. बायका म्हणाल्या, देवीचं तेज आलंय हिच्यावर. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. वाऱ्यावर पाण्याला सुरकुत्या पडायच्या आणि मी एकेक सुरकुती काठाला लागेपर्यंत बघायची. इतकं सुख मला कधीच झालं नव्हतं.

चौथ्या माळेला सकाळी आत्या आणि मी पाणवठ्यावर धुणं घेऊन गेलो. धरण काठोकाठ भरलेलं होतं. मुलीला वर घोंगडीवर बसवलं, हातात चमचा दिला. आत्या थोड्या अंतरावर वाकळ आपटत होत्या. मी लुगडं पिळत होते आणि आपटण्याचा आवाज लांब गेला. उन्हाला तो गोड, करपट वास आला. मला कळलं. मी मुलीकडे बघितलं, ती घोंगडीवरून उतरून माझ्याकडे रांगत निघाली होती. मला ओरडायचं होतं.

जाग आली तेव्हा मी कुशीवर होते, गाल चिखलात, आणि आत्या माझ्या पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर मुलगी रडत होती. तिचं झबलं छातीपर्यंत ओलं होतं. आत्यांनी आधी तिला ओढून घेतलं होतं, मग मला पाण्यापासून ओढून कुशीवर केलं होतं. तोंडात पाणी घातलं नाही, चमचा घातला नाही, धावत आलेल्या बायकांना चप्पल आणू दिली नाही. सगळं डॉक्टरांनी सांगितल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी भोरला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चुकली का. मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, “चूक माझी हाय. ताटच मांडलं न्हाई म्या, तर गोळी कुठनं दिसनार.” डॉक्टर रागावले, पण आवाज न चढवता. जेवणानंतर असं लिहिलंय ते पोटाला त्रास होऊ नये म्हणून, म्हणाले. जेवण नसलं तरी गोळी असतेच, पाण्याबरोबर घ्या, भगरीबरोबर घ्या. देवीला गोळी चालते. एखादी राहिली तर आठवल्याबरोबर घ्यायची, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर एकीच्या जागी दोन घ्यायच्या नाहीत. आणि बंद कधीही एकदम करायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. शेवटचं वाक्य बोलताना ते माझ्याकडे बघत होते. मी टेबलावरच्या काचेकडे बघत होते.

मला आठवत होतं ना. पहिल्या माळेला दुपारीच आठवलं होतं. दुरडीमागचं पाकीट माझ्या हाताला लागलं होतं, मी ते आणखी आत सरकवलं होतं. म्हटलं, चार दिवस राहू दे. दुसऱ्या दिवशीही आठवलं, तिसऱ्याही. आत्या विसरल्या आणि मी त्यांच्या विसरण्याच्या आड लपले.

घरात निकाल लागला. मुलीला मी उचलायचं नाही. बसून पाजायचं, तेही कुणीतरी समोर असताना. पाजून झालं की आत्या तिला घेऊन जाणार. मुलगी त्यांच्याजवळ झोपायला लागली. निकाल कुणी मोठ्यानं दिला नाही, मालकांनी जमिनीकडे बघत मान हलवली आणि झालं. मुलगी उभी राहायला शिकली ती आत्यांच्या लुगड्याला धरून. पहिलं पाऊल टाकलं ते त्यांच्याकडे. मी चुलीपाशी बसून बघत होते.

आणि आत्या? त्या मिटल्याच. येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच सांगायच्या, म्या देवीपायी सुनंला मारलं असतं, नातीला मारलं असतं. माझ्याशी भांडायच्या थांबल्या. मोबाईलमध्ये मालकांकडून गजर लावून घेतला, सकाळ-संध्याकाळ तो वाजला की असतील तिथून यायच्या, पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन उभ्या राहायच्या. मी गिळायची. आता त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, पायाकडे बघायच्या. डोळ्यांवर तो पातळ पदर परत आला होता, आणि खरं सांगते, मला तो हवासा वाटायचा. त्यात सगळं थोडं कमी टोचायचं.

सहा महिने गेले. फिट आली नाही. भोरला दाखवायला गेलो, डॉक्टर खूश झाले, म्हणाले असंच चालू ठेवा, गोळी मात्र आपल्या मनानं हलवायची नाही. मुलीला कडेवर घेऊ का, हे मी विचारलं नाही. आत्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, पाणी आणि चूल सोडून का नाही घेणार, अशी आईला लेकरापासून तोडायची नसते. आत्यांनी पदर डोळ्यांना लावला.

परतीच्या एसटीत मला खिडकी मिळाली. शेजारी आत्या, त्यांच्या मांडीवर मुलगी झोपलेली. भाटघर धरणाची भिंत मागे टाकली की रस्ता पाण्याच्या कडेकडेनं जातो. पाणी बरंच उतरलं होतं, तळातली जुनी वावरं उघडी पडून त्यांचे बांध दिसत होते, एसटी डुलत होती आणि निम्मे लोक पेंगत होते. आत्या हळूच म्हणाल्या, उद्यापासून घे तिला तू, माझ्या हातनं घडलं ते घडलं, देवी मला बघून घेईल. असं म्हणताना त्यांचा आवाज इतका लहान होता, की मला सहन झालं नाही.

“आत्या,” मी म्हटलं, “मला आठवत होतं. पाकीट म्याच मागं सारलं. गोळी न्हाई घेतली की लई बरं वाटायचं.”

त्या मुलीला सावरून बसल्या. खिडकीतून माझ्या पलीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं. आता ही पोरगी मला या जन्मात मिळत नाही. एक गाव गेलं, दुसरं गेलं, कंडक्टर पेंगत होता, आणि मी मनात म्हणत होते की एसटी अशीच चालत राहावी, आमचा थांबा येऊच नये.

थांबा आला. आत्या उठल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या माझ्याकडे पूर्वीसारख्या रागानं बघत होत्या.

“म्या सा महिनं देवीम्होरं नाक घासतीय,” त्या म्हणाल्या. “आन् तू गप.” मग जरा थांबून म्हणाल्या, “इसरली असतीस तर परत इसरशील म्हनून म्या जल्मभर भ्याले असते. तुला ठावं व्हतं, आन् काय झालं त्ये बी तू बघितलंस. म्हंजी आता तू न्हाई करनार. धर हिला.”

त्यांनी झोपलेली मुलगी माझ्या कडेवर दिली, पिशवी उचलली आणि उतरून पाण्याच्या कडेची वाट धरली. भराभरा, तोंडानं मला शिव्या देत. मी मागोमाग उतरले, एसटी निघून गेली. मांडीवर पाजताना कळत नाही; कडेवर घेतल्यावर कळलं, पोरगी किती जड झाली होती.