पूजेतली काळी पूड

मी घरातली पहिली पदवीधर. शाळेत प्रयोग फक्त फळ्यावर पाहिलेले, त्यामुळे ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेतल्या फुटक्या बाटलीबद्दलही मला कृतज्ञता वाटे. माझं काम होतं काळी पूड करायचं. एका खनिजाच्या बारीक कणांवर लोहाच्या चुंबकी ऑक्साइडचा थर बसवायचा. तांबं विरघळलेल्या फिक्या निळ्या पाण्यात ती पूड ढवळली की कण तांबं धरतात. मग भांड्याला बाहेरून चुंबक लावायचा. पूड तांब्यासकट एका बाजूला, पाणी नितळ. चुंबक शहरातल्या टोपी बाजारातून आणलेल्या जुन्या भोंग्यातला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणी समिती येणार होती. काम चालू ठेवायचं की बंद, ते तीच ठरवणार. बंद झालं तर मी परत गावी, लग्नाच्या बोलणीत.

आमचे सर जुन्या सरदार घराण्यातले. तलवारी केव्हाच विकल्या गेल्या, शस्त्रपूजा तेवढी राहिली. म्हणून दसऱ्याला तराजूपासून भट्टीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. कुंकूही घरचं, हळदीला चुना लावून केलेलं.

"अगं, तुझी पूड पण ठेव पूजेत. ज़रूरी है."

"सर, त्यात कुंकू पडेल."

"चिमूटभराने काय होतंय? चार पुस्तकं वाचली की लगेच देवाला शिकवायला निघतात."

सर रसायनशास्त्राचे डॉक्टर. मी पूड पूजेत ठेवली. कुंकू मूठभर पडलं, आणि नवी पूड करायला वेळ नव्हता.

समितीपुढे मी चुंबक लावला. पूड शहाण्यासारखी बाजूला सरली, निळा रंगही गेला. पण पाणी पिवळंधमक झालं. ते जरा आम्लयुक्त होतं, आणि आम्लात असं कुंकू परत हळदीच्या रंगावर येतं.

समितीचे प्रमुख वाकून बघत म्हणाले, "मॅडम, तांबा निकालना था कि सोना बनाना था?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. मी खरं ते सांगून टाकलं, "सर, कल पूजा हुई थी. उसका कुमकुम गिरा है."

"पूजा का है?" प्रमुखांनी हात जोडले. "तो पहले बताना था ना. फिर तो शुभ है."

बाकीच्यांनीही जोडले. एकाने त्या पाण्यात बोट बुडवून कपाळाला लावलं. कामाला तिथल्या तिथे मंजुरी मिळाली.

"बघ, पूजेनं वाचलीस," सर म्हणाले. मी वाकून नमस्कार केला, आणि तो अगदी मनापासून होता. गावी जाणं टळलं होतं. त्या पाण्यात तांबं किती उरलं, हे मात्र मला आजवर कुणी विचारलेलं नाही.