टाकीत ओतलेला तांब्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. आता सांगायला बसलोय — इतक्या वर्षांनी, बघा.

डहाणूत चिकूची वाईन करायचं वेड आमच्या मालकीणबाईंनी, ताईंनी घेतलं, तेव्हा लोक त्यांच्या तोंडावर हसले. मोसमात वाडीत चिकू सडून जायचे, ते त्यांना बघवत नसे. स्वयंपाकघरात काचेच्या बरण्या मांडून किती वर्षं प्रयोग केले, किती फसले, गणती नाही. दोन हजार चौदा साली पहिली मोठी स्टीलची टाकी आली आणि ती सांभाळायला मला ठेवलं. मी सायवनचा, बारावी सायन्स, आणि घाबरट. घाबरट हे त्यांना माहीत नव्हतं.

चिकू निवडायला जनीमावशी होती, आमच्याच पाड्यावरची. एकेक चिकू बोटांनी दाबून बघायची. मला ही नोकरी तिच्याच शब्दावर मिळाली होती — हे आधीच सांगायला हवं होतं, नाही का?

ताई चार दिवस नाशिकला गेल्या. काही वाटलं तर लगेच फोन कर, म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी टाकीतले बुडबुडे थांबले, म्हणजे रस आंबायचा थांबला. नळीला कान लावून बसलो. काही नाही. फोन का केला नाही? याला एक टाकी सांभाळता येत नाही, असं त्या म्हणतील — एवढ्याच भीतीनं. आमच्या घरी ताडी काढतात. मडक्याच्या तळाशी कालची थोडी ठेवली की आजची लवकर फसफसते, हे मी लहानपणापासून बघत आलेलो. घरून शिळ्या ताडीचा एक तांब्या आणला आणि — ओतला. भर दुपारी. मावशी जेवायला गेली होती.

संध्याकाळी बुडबुडे पुन्हा सुरू झाले. ताईंनी आल्यावर माझी पाठ थोपटली. मला वाटलं, सुटलो.

महिन्याभरात टाकीला आंबट, नाकात घुसणारा वास यायला लागला. अख्ख्या टाकीचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला होता. ताई फरशीवरच बसल्या. रडल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मग म्हणाल्या, नमुना तपासायला पाठवू, आत काय शिरलं ते कळेल. म्हणजे माझी ताडी सापडणार. तेवढ्यात त्यांनी जनीमावशीला विचारलं, नासके चिकू गेले होते का?

"एकूण एक मी हातानं दाबून बघितलाय, ताई," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "सांग ना रे, तू होतास ना तिथं."

नुसता गप्प राहिलो असतो तर? पण नाही — मी बोललो. "दोन-चार नरम गेले असतील."

नमुना पाठवायची गरजच उरली नाही. मावशीला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

ताईंची वाईन पुढे जमली. लांबून माणसं येतात, टाक्यांपुढे फोटो काढतात. सगळ्या टाक्या आता माझ्या हाताखाली आहेत. रविवारी पाहुण्यांना फिरवताना पहिल्या टाकीची गोष्ट सांगावी लागते. मी ती नासक्या चिकूचीच सांगतो. लोक हसतात, आणि प्रत्येक वेळी मला वाटतं, यातला कुणीतरी आता विचारेल.

दोन हजार एकोणीसमध्ये वाणगावच्या बाजारात जनीमावशी दिसली, भेंडी विकत बसलेली. मी पाठ फिरवणार, तोच तिनंच हाक मारली. ताई बऱ्या आहेत का, टाक्या किती झाल्या, सगळं विचारलं. एकेक भेंडी दोन-दोनदा उलटून बघून माझ्या पिशवीत टाकत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "माझीच नजर चुकली असंल रे त्या टायमाला. तवापासून या बोटांवर भरवसा नाय राह्यला माझा."

सांगायला ती वेळ होती. आजूबाजूला कुणी ओळखीचंही नव्हतं.

"होतं असं, मावशी," मी म्हणालो.

तिनं वर मूठभर भेंडी जास्तीची घातली. मी ती घेतली, घरी आणली, आणि आम्ही खाल्ली.