वाढणारं ऑइल

माझ्या ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल कधी कमी होत नाही, उलट वाढतं, हे मी वरवंडच्या चहाच्या टपरीवर छाती काढून सांगत होतो. ऐकणारे माना डोलवत होते. एक अनोळखी माणूस मात्र चहाचा ग्लास नाकाशी धरून नुसता वास घेत बसला होता. नखं काळीकुट्ट, पण शर्ट कडक इस्त्रीचा.

"मालक, पट्टी दावा की जरा," तो म्हणाला.

ट्रॅक्टर समोरच उभा होता. त्यानं ऑइल मोजायची पट्टी उपसली, आधी हुंगली, मग एक थेंब टपरीवरच्या वर्तमानपत्रावर टेकवला. मध्ये काळा ठिपका राहिला आणि भोवती फिकट कडं पसरत गेलं. लग्नपत्रिका दाखवावी तसा तो कागद त्यानं सगळ्यांसमोर फिरवला.

"डिझेलच्या पंपाचं सील गळतंय, डिझेल ऑइलात उतरतंय. पार पातळ झालंय. आसाच ट्रॅक्टर नांगरटीला घातला असता, तर बेरिंगं गेली असती."

"पण ऑइल वाढतंय की!" मी हट्ट सोडेना.

"मालक, ती सूज हाय. बाळसं न्हाई."

टपरी खदाखदा हसली. मीही हसलो, जरा उशिरानं. त्यानं पुन्हा चहा हुंगला. "ह्यात बी पाणी वाढलंय," म्हणाला आणि ग्लास तसाच ठेवून निघून गेला.

पंप दुरुस्त झाला. आता रोज सकाळी मीही आधी पट्टी हुंगतो. ऑइल केसभर उतरलेलं दिसलं की जिवाला बरं वाटतं. टपरीवर मात्र हे सांगत नाही.