धर्मराजअण्णांची कमान

निवडुंगवाडीच्या सरपंच वंदनाबाई. हे कागदावर. गावात येऊन सरपंच कोण म्हणून विचारलं, तर लोक ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या त्यांच्या नवऱ्याकडे, धर्मराजअण्णांकडे बोट करायचे. वंदनाबाई त्याच घरात आत भाकरी थापत असायच्या, पण बोट काही भिंतीपलीकडे जायचं नाही.

सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, तेव्हा अण्णांचं जेवण तुटलं होतं. बाई घरचीच उभी करायची असते, हे कुणीतरी समजावून सांगितल्यावर ते पुन्हा दोन्ही वेळ जेवू लागले. प्रचाराच्या फ्लेक्सवर वंदनाबाईंचा फोटो पासपोर्टएवढा आणि अण्णांचा कमरेपर्यंत, हात जोडलेला. निवडून आल्यावर अण्णांनी गाडीच्या काचेवर 'सरपंच' असं लिहून घेतलं. गाडी घरची, सरपंच घरातले, मग खोटं काय त्यात, असं त्यांचं म्हणणं.

माणूस दुष्ट नव्हता, हेही सांगून टाकतो. कुणाकडे मयत झाली की अण्णा सगळ्यांच्या आधी हजर. लग्नात भर उन्हात पंगत वाढायला पुढे. फक्त कुणीतरी त्यांचा फोटो काढत असायला हवा. मोबाइलची बॅटरी संपलेली असेल, तर अण्णांचं समाजकार्य थोडं मंदावायचं.

अण्णांची खरी विद्या होती ग्रामसभेची. ग्रामसभेला शंभर माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली की तिला किती माणसं आली, याची अट नाही. कायदा करणाऱ्यांनी हे गावाची अडचण ओळखून केलं असेल. अण्णांनी ते आपल्या सोयीचं करून घेतलं. पंचायतीचा शिपाई वसंता सभेच्या आदल्या दिवशी भोंगा घेऊन निघाला की अण्णा त्याला सांगायचे, "वसंता, आवाज बारीक ठेव. लोकाईला तरास नको." वसंता समजूतदार माणूस. तो गावाबाहेरच्या मोसंबीच्या बागेकडे भोंग्याचं तोंड करून सभेची दवंडी द्यायचा. मोसंबीची झाडं काही सभेला येत नसत.

झालं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन, जिलेबी आणि तहकुबी. एक मेला झेंडावंदन आणि तहकुबी. मग ती तहकूब सभा अण्णा नेमकी आष्टीच्या बाजाराच्या दिवशी ठेवत. सगळं गाव बाजाराला, आणि पंचायतीच्या पत्र्याखाली अण्णा, त्यांचे दोन दोस्त आणि ग्रामसेवक. ग्रामसेवकांना गावात भाऊसाहेब म्हणत. अण्णा बोलत, भाऊसाहेब लिहीत, दोस्त चहा पीत, आणि ठराव सर्वानुमते मंजूर होई. वंदनाबाईंची सही घरी जाऊन आणली जाई. पिठाचे हात पुसून त्या सही करत. काय लिहिलंय ते वाचायला त्यांनी कागद हातात धरला की अण्णा म्हणत, "जल्दी कर, भाऊसायेब खोळंबलेत."

गेल्या मे महिन्यात अशाच एका सभेत कमान मंजूर झाली. गावाच्या तोंडाशी, डांबरी रस्त्यावर, सिमेंटची मोठी कमान, आणि वर 'कै. रामकिसन पाटील प्रवेशद्वार'. रामकिसन म्हणजे अण्णांचे वडील. ज्या रामकिसनरावांनी गावाची पाणंद नांगरून आपल्या वावरात घेतली, आणि म्हणून लोक आजही बांधावरून तोल सांभाळत चालतात, त्यांच्या नावाखालून आता गावानं गावात शिरायचं होतं. पण अण्णांच्या मनात वडिलांपेक्षा पुढचा विचार होता. जिल्हा परिषदेची निवडणूक येऊ घातली होती. रस्त्यावरून पुढाऱ्यांच्या गाड्या जातात. कमान दिसली की विचारणार, कुणाचं काम हे? त्या एका प्रश्नावर अण्णांचं तिकीट अडकलेलं होतं. दिवाळीच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर 'भावी' हा शब्द त्यांनी आधीच छापून घेतला होता.

एकच अडचण होती. पुढच्या वर्षाच्या आराखड्यात एक मोठं काम बसणार, आणि त्या जागेवर ओढ्यावरच्या पुलाची मागणी जुनी होती.

ओढा गावाच्या उगवतीला. पलीकडे भीमनगर, आणि भीमनगरच्याही पुढे निम्म्या गावाची वावरं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की भीमनगरची लेकरं शाळेला मुकायची, आणि गावातल्या बाया कापसाची नाही तर गवताची ओझी डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून यायच्या. सिमेंटच्या नळ्या टाकून वर स्लॅब, एवढंच मागणं. ते मागायच्या बेबीनंदाताई. भीमनगरच्या वॉर्डातून निवडून आलेल्या पंचायत सदस्य, अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करून म्हाताऱ्या होत आलेल्या. मे महिन्यात त्या पुतणीच्या लग्नाला जालन्यात मस्तगडला गेलेल्या असताना कमान मंजूर झाली. परत आल्यावर त्या थेट अण्णांच्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या.

"जयभीम अण्णा. पुलाचं काय झालं म्हणायचं?"

"ताई, इषय घेतलाय की."

"तीन सालापासून घेतलेलाच हाय. खाली कवा ठिवता?"

अण्णा हसले. त्यांना बेबीनंदाताईंचं बोलणं आवडायचं, कारण त्याचं काही करावं लागत नसे. "पुढच्या सभेला या. लोकशाही हाय, बोला बिनधास्त," असं म्हणून त्यांनी आतून चहा मागवला. चहा घेऊन वंदनाबाई बाहेर आल्या. आत जाता जाता त्या दाराशी थांबून ऐकत राहिल्या.

ऑगस्टमध्ये आराखड्याची वाट न बघताच अण्णांनी कमानीसाठी जेसीबी आणला. डांबरी रस्त्याच्या दोन्ही अंगाला दोन खड्डे पडले. आराखडा मंजूर नाही, निधी नाही, पण खड्डे तयार. त्यातल्या एकात कुणाची तरी शेळी पडली, ती वर काढतानाचाही अण्णांनी फोटो काढून घेतला.

आणि त्याच आठवड्यात ओढा भरून वाहू लागला, आणि बेबीनंदाताईंच्या सुनेच्या, प्रियदर्शनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स आली ती गावाच्या बाजूला. बाई ओढ्यापलीकडे. पाण्यात बाज घालायची कुणाची छाती होईना. तेव्हा अण्णांनी खड्ड्यावरच्या जेसीबीवाल्याला ओढ्यावर पिटाळलं. त्याच्या पुढच्या बकेटमध्ये गोधड्या अंथरल्या, प्रियदर्शनीला त्यात निजवलं, सासूला शेजारी बसवलं, आणि माती उचलायच्या बकेटमध्ये घालून ती बाई ओढ्यावरून अलीकडे आणली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्या दिवशी अण्णा नसते तर काय झालं असतं, हे बोलायलाच नको, आणि त्याबद्दल त्यांना मोठ्या मनानं धन्यवाद दिले पाहिजेत.

पण अण्णांनी दुसऱ्याला तेवढा वेळच दिला नाही. ॲम्ब्युलन्सचं दार लागायच्या आत त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस लागलं होतं. हवेत उचललेली बकेट, त्यात तोंडावर पदर घेतलेली प्रियदर्शनी, आणि खाली बोट दाखवणारे अण्णा. 'सरपंचांची तत्परता! कमानीचे काम थांबवून भगिनीला जीवदान!' ते स्टेटस तालुकाभर फिरलं. पुढे जेसीबीवाल्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, जेसीबीवाल्याच्या हस्ते अण्णांचा झाला, आणि आभार मानायला बेबीनंदाताईंना उभं केलं. त्या उभ्या राहिल्या. आपल्या सुनेचं तोंड झाकलेला फोटो मागं फ्लेक्सवर, आणि पुढं आपण हात जोडून.

वंदनाबाई बाळंतिणीला भेटायला झबलं-टोपडं घेऊन निघाल्या, तेव्हा ओढ्याला मांडीएवढं पाणी होतं. लुगडं वर खोचून, पिशवी डोक्यावर धरून सरपंच पलीकडे गेल्या. सरपंच झाल्यापासून त्या भीमनगरात पहिल्यांदाच येत होत्या. याची त्यांची त्यांनाच लाज वाटली.

प्रियदर्शनी भिंतीला टेकून बसली होती. कसं वाटलं होतं गं, असं वंदनाबाईंनी विचारलं.

"काकू, बकेट वर गेली ना, तवा समदं गाव दिसू राह्यलं होतं," ती म्हणाली. "आन् समदं गाव मला बघू राह्यलं होतं. मोबाईल धरून."

वंदनाबाईंनी बाळाचं टोपडं उगाच नीट केलं. मग बेबीनंदाताईंना म्हणाल्या, "ताई, तहकूब सभेला मानसं लागत न्हाईत. हे रोज जेवताना सांगतेत मला. लय खूश होऊन सांगतेत."



"पर आलेली मानसं चालतेत का?" बेबीनंदाताईंनी विचारलं.

"न चालायला काय झालं," वंदनाबाई म्हणाल्या.

दोन ऑक्टोबरची सभा नेहमीप्रमाणे तहकूब झाली. या वेळी तर एकही बाई फिरकली नाही, म्हणून अण्णा विशेष खूश होते. पुढची सभा आष्टीच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी अकराला. अकरा ही वेळ नोटिशीपुरती. अण्णा बाजार करून, ओळखीपाळखीच्या लोकांना रामराम घालून, दुपारी यायचे, तेव्हा सभा सुरू व्हायची. आपण गेल्याशिवाय सभा होते, ही कल्पनाच त्यांना कधी शिवली नव्हती. त्या दिवशीही ते सकाळी दोघा दोस्तांना गाडीत घालून बाजाराला गेले. वंदनाबाईंनी विचारलं होतं, "मी येऊ का सभेला?" अण्णा म्हणाले, "तुला कशाला तरास? सही घरी आणतो ना मी."

ते परत आले तेव्हा पंचायतीच्या पत्र्याखाली बाया सतरंज्या झटकत होत्या. गावातल्या होत्या, भीमनगरच्या होत्या. त्या दिवशी बाजाराला गडी गेले होते, बाया गेल्याच नव्हत्या. भाऊसाहेब दप्तर बांधत होते. वंदनाबाई अण्णांच्या खुर्चीत बसल्या होत्या, म्हणजे आपल्याच.

"हे काय चालू हाय?" अण्णांनी विचारलं.

"चालू न्हाई, झालं," बेबीनंदाताई म्हणाल्या. "पूल आराखड्यात पहिल्या नंबरला घेतला. कमान काढली."

अण्णा भाऊसाहेबांवर घसरले. "मानसं किती होती? कोरम होता का? असा ठराव होतो का कुठं?"

भाऊसाहेबांची नोकरी थोडीच राहिली होती, त्यामुळे त्यांना अलीकडे खरं बोलायची हिंमत होऊ लागली होती. "अण्णा, तहकूब सभेला कोरम लागत न्हाई. हा ठराव बेकायदेशीर म्हणलं, तर आजपर्यंतचे तुमचे समदेच जातेत. फिरवायचा असंल तर सव्वीस जानेवारीला मानसं जमवा, भरलेल्या सभेत मांडा."

घरी वंदनाबाईंनी ताट वाढलं, अण्णा जेवले, आणि उठून ओट्यावर गेले.

मग अण्णा कामाला लागले. ज्या माणसानं इतकी वर्षं ग्रामसभेला माणूस येऊ नये म्हणून धडपड केली, तो आता घरोघर फिरून हात जोडू लागला. वसंताला सांगितलं, भोंगा गावाकडं कर, मोठ्यानं ओरड. वसंता इतका मोठ्यानं ओरडला की लोकांना वाटलं कुणी मेलं. अण्णांनी शेतावर जाऊन माणसं सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली. सगळे म्हणायचे, येतो ना अण्णा, तुमच्या शब्दाबाहेर हाव का. प्रत्येकानं पाठीवर थाप मारली, प्रत्येकानं चहा पाजला. अण्णांना वाटलं, गाव आपलंच आहे.

सव्वीस जानेवारीला निवडुंगवाडीत पहिल्यांदा भरलेली ग्रामसभा झाली. पत्र्याखाली जागा पुरेना, माणसं शाळेच्या भिंतीवर बसली. अण्णा छाती काढून उभे राहिले. कमानीबद्दल बोलले, गावाच्या इज्जतीबद्दल बोलले, वडिलांबद्दलही बोलले. वडिलांबद्दलचं मात्र खरं होतं. वडिलांवर त्यांचा जीव होता, आणि आपणही पुढं कुणाच्या तरी लक्षात राहावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं. बोलणं संपलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बसता बसता अण्णा भाऊसाहेबांना हळूच म्हणाले, "लिहा, सर्वानुमते."

"थांबा," वंदनाबाई खुर्चीतून म्हणाल्या. त्यांचा आवाज मागपर्यंत गेला. "एवढी मानसं आलीत तर इचारू की. ज्याला पुलाच्या जागी कमान पाहिजे, त्यानं हात वर करा."

अण्णांनी हात वर केला आणि मागे वळून पाहिलं. दोन्ही दोस्त चपलेचा अंगठा चाचपत होते. ज्यांनी पाठीवर थापा मारल्या होत्या, ते कुणी आभाळाकडे बघत होते, कुणी शेजाऱ्याला तंबाखू मागत होते. घरोघर जाऊन, हात जोडून, एकेकाला नावानं बोलावून आणलेलं सगळं गाव समोर बसलेलं होतं, आणि एकही हात वर नव्हता. सर्वानुमते म्हणजे किती माणसं, हे अण्णांना आयुष्यात पहिल्यांदाच मोजून दिसत होतं. हात खाली घ्यावा तर तेवढंही राहणार नाही, म्हणून त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

वंदनाबाईंनी पत्र्याखालपासून शाळेच्या भिंतीपर्यंतचे हात मोजले. मग भाऊसाहेबांना म्हणाल्या, "लिहा, एक."

भाऊसाहेबांनी लिहिलं.

"आता घ्या खाली हात," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "दुखंल."